इंजिनाची थंडी आणि पेट्रोलचा हिशेब : कर्जत–खालापूर परिसरातील दुचाकींच्या सूचक दिव्यांचा अन्वयार्थ

गोषवारा :
थंड हवामानाची सूचना देणारा दिवा आणि इंधनबचत यांचा संबंध सामान्यतः बर्फाळ प्रदेशांच्या संदर्भात मांडला जातो. कर्जत व खालापूर या रायगड जिल्ह्यातील घाटपायथ्याच्या तालुक्यांत रस्त्यावर हिम साचत नाही. तरीही तेथील दुचाकीस्वार 'थंडी'पोटी पेट्रोल गमावतो. ही थंडी हवेची नसून इंजिनाची असते. प्रस्तुत लेखात इंजिनाच्या शीत अवस्थेतील इंधनवापर, त्याविषयी माहिती देणारे सूचक दिवे, इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम आणि घाट उतरताना पेट्रोल वाचविण्याच्या नावाखाली केली जाणारी धोकादायक कृती यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : दुचाकी, शीत इंजिन, सूचक दिवा, चोक, इंधन-अंतःक्षेपण, ई-२०, बोरघाट.

प्रस्तावना :
मध्य रेल्वेची उपनगरी सेवा कर्जतला येऊन थांबते आणि तेथून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजीमार्गे एक फाटा खोपोलीस जातो. मुंबई, ठाणे, कल्याण येथे नोकरीस जाणारा आणि खोपोली परिसरातील कारखान्यांत पाळीवर जाणारा मोठा वर्ग गाव ते स्थानक अथवा गाव ते कारखाना हे अंतर दुचाकीने कापतो. हे अंतर बहुधा तीन ते आठ किलोमीटर असते. गाडी पहाटे सुरू होते, स्थानकाजवळ दिवसभर उभी राहते आणि रात्री पुन्हा तेवढेच अंतर परत येते. म्हणजे दिवसातून दोनदा, आणि दोन्ही वेळा पूर्ण निवालेल्या अवस्थेत, इंजिन चालू केले जाते.

या वर्गाच्या बोलण्यात 'गाडी अ‍ॅव्हरेज किती देते' हा प्रश्न नेहमी असतो. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही चार फटक्यांच्या इंजिनाची मोटारसायकल बाजारात आली, तेव्हापासून कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर हाच भारतीय दुचाकीचा मुख्य गुण मानला गेला. २०२१ पासून मुंबई परिसरात पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडल्यानंतर या प्रश्नाची धार अधिकच वाढली. मात्र जाहिरातीतील अ‍ॅव्हरेज आणि प्रत्यक्ष मिळणारे अ‍ॅव्हरेज यांतील तफावतीचे खापर सहसा पंपावर किंवा मेकॅनिकवर फोडले जाते. तिचे एक महत्त्वाचे कारण गाडीच्या वापराच्या पद्धतीतच असते, याकडे दुर्लक्ष होते.

हवेची थंडी आणि हिमसूचक दिवा :
युरोपातील काही मोटारसायकलींच्या दर्शक-पटलावर हिमकणाचे चिन्ह असते. उदाहरणार्थ, बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत बाहेरील तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसखाली गेले की ते उमटते. रस्त्यावरील पाण्याचा थर गोठून चाक घसरण्याचा संभव आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंधनाशी त्याचा थेट संबंध नाही.

कर्जत–खालापूरमध्ये डिसेंबर–जानेवारीच्या पहाटे तापमान पंधरा अंशांच्या आसपास आणि काही दिवशी त्याहूनही खाली उतरते. परंतु हिमबिंदूशी त्याचा संबंध येत नाही. उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांत पसरणारे धुके हा येथील हिवाळ्याचा खरा धोका होय, आणि त्याची सूचना देणारा दिवा कोणत्याही गाडीवर नसतो.

हवेच्या थंडीचा इंधनावर परिणाम होतच नाही असे नाही. पस्तीस अंशांच्या तुलनेत पंधरा अंशांची हवा सुमारे सात टक्के अधिक घन असते, त्यामुळे वाऱ्याचा रोध तेवढा वाढतो. चाकात २८ पौंड हवा असेल, तर तापमान दहा अंशांनी उतरताच ती सुमारे दीड पौंडाने कमी भरते आणि टायरचा रस्त्याशी रोध वाढतो. तथापि हे परिणाम गौण आहेत. मुख्य परिणाम इंजिनाच्या आत घडतो.

इंजिनाची थंडी :
पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण होय. इंजिन थंड असताना फवाऱ्यातील बराच भाग नलिकेच्या आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर द्रवरूपातच चिकटून राहतो. ठिणगी पडते तेव्हा जळण्याजोगी वाफ अपुरी असते. ती पुरी पडावी म्हणून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडावे लागते. जुन्या गाडीतील चोक हेच काम करतो : हवेची वाट अरुंद करून किंवा पेट्रोलची जादा वाट उघडून तो मिश्रण घट्ट करतो.

या जादा पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि काही ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतो. थंड ऑईल स्वतः घट्ट असल्याने घर्षणही वाढते. याखेरीज एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ही वाफ निघून जाते. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तसे न झाल्यास ती आतच निवते व सायलेन्सर गंजतो.

यावरून हे स्पष्ट होईल की 'थंड इंजिन' ही हिवाळ्यापुरती बाब नाही. मे महिन्याच्या पहाटेही इंजिनाचे तापमान त्याच्या कार्यतापमानाच्या बरेच खाली असते. हिवाळ्यात हे अंतर वाढते, एवढेच. गृहीत उदाहरण घेतल्यास, रोज दहा किलोमीटर आणि महिन्यास २५ दिवस चालणारी गाडी महिन्यास २५० किलोमीटर धावते. लिटरला ६० किलोमीटर मिळाल्यास तिला सुमारे ४.२ लिटर पेट्रोल लागते. ५० मिळाल्यास ५ लिटर. वर्षाकाठी हा फरक दहा लिटरचा, म्हणजे हजार रुपयांहून अधिक होतो.

सूचक दिवे काय सांगतात :
दिव्यांच्या रंगांस एक सर्वमान्य संकेत आहे. तांबडा दिवा तातडीचा धोका सांगतो, पिवळा वा नारिंगी दिवा दुरुस्तीची सूचना देतो आणि हिरवा दिवा एखादी व्यवस्था चालू असल्याचे दर्शवितो. अनेक मोटारींत इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा लागतो व ते तापल्यावर विझतो. दुचाकीवर मात्र निळा दिवा हेडलाईटचा अप्पर झोत दर्शवितो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या दुचाकींवर तापमानाचा तांबडा दिवा असतो, पण तो अतितापाचा असतो. हवेने थंड होणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या सामान्य गाडीवर शीत इंजिनाचा स्वतंत्र दिवा सहसा नसतो. काही गाड्यांवर आढळणारा हिरवा 'इको' दिवा वेग व थ्रॉटल काटकसरीच्या मर्यादेत असल्याचे सांगतो. इंजिन तापले आहे की नाही, हे तो सांगेलच असे नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या पेट्रोल दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंधन-अंतःक्षेपण पद्धतीने घेतली. तिच्याबरोबर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आला. चावी फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. न विझल्यास अथवा चालत्या गाडीत पुन्हा लागल्यास नियंत्रकाला एखाद्या संवेदकात वा मंडलात दोष आढळला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

थंडीचा खोटा निरोप :
इंधनबचतीच्या दृष्टीने हा पिवळा दिवाच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. अंतःक्षेपण पद्धतीत इंजिनाचे तापमान मोजणारा एक लहान संवेदक असतो. तापमान वाढते तसा त्याचा विद्युत्-रोध कमी होतो आणि त्यावरून नियंत्रक पेट्रोलची मात्रा ठरवितो. संवेदकाची तार तुटली किंवा जोडणीत पाणी जाऊन ती गंजली, तर रोध अतिशय वाढल्याचे भासते. म्हणजेच इंजिन अतिशय थंड असल्याचा निरोप जातो. असा अशक्य निरोप ओळखून नियंत्रक दिवा लावतो आणि ठरावीक पर्यायी मूल्यावर काम चालवितो. गाडी चालत राहते, पण मिश्रण अचूक राहत नाही. कोकणच्या पावसात महिनोन्महिने भिजणाऱ्या गाडीत असा दोष उद्भवणे स्वाभाविक आहे. सायलेन्सरच्या मार्गातील प्राणवायू-संवेदक निकामी झाल्यासही मिश्रणाचा तोल असाच बिघडतो.

'गाडी तर चालते आहे' म्हणून या दिव्याकडे काणाडोळा करणारा स्वार प्रत्यक्षात दर किलोमीटरला दंड भरत असतो. दिव्याची वायर काढून टाकणे हा उपाय नव्हे; त्याने केवळ निरोप्याचे तोंड बंद होते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच दुखणे दिव्याविना येते. चोक ओढून गाडी सुरू केली आणि तो परत करण्याचे राहून गेले, तर तापलेल्या इंजिनालाही थंड इंजिनाचा खुराक मिळत राहतो. काही स्कूटरांत आपोआप चालणारा चोक असतो. त्यातील मेण विजेने तापून प्रसरण पावते व जादा पेट्रोलची वाट बंद करते. ही यंत्रणा बिघडल्यास वाट उघडीच राहते. काळा पडलेला प्लग आणि सायलेन्सरमधून येणारा पेट्रोलचा वास या तिच्या खुणा होत.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल :
फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोहोचले. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, तर तेवढ्याच इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यामुळे ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि ई-१० पेक्षा सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, ई-१० साठी जुळविलेल्या दुचाकींच्या इंधनक्षमतेत ३ ते ४ टक्के घट अपेक्षिली होती. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास वजनागणिक पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. परिणामी थंड इंजिन सुरू होण्यास किंचित अधिक कुरकुरते. म्हणजे ई-२० मुळे होणारी थोडी घट अटळ आहे. त्याहून मोठी घट आढळल्यास मात्र कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

घाटाचा हिशेब :
या परिसरातील इंधनबचतीचा विचार घाटाशिवाय पूर्ण होत नाही. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्या खोपोलीमार्गे जुन्या महामार्गाने बोरघाट चढतात. दुसरी अवघड चढण नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतची आहे. गाडी व दोन माणसे मिळून २४० किलो वजन ७०० मीटर वर नेण्यास सुमारे १.६५ मेगाज्यूल कार्य करावे लागते. इंजिनाची कार्यक्षमता वीस टक्के धरल्यास केवळ उंची गाठण्यास पाव लिटर पेट्रोल खर्च होते.

हे पेट्रोल 'वसूल' करण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देण्याची पद्धत सर्रास आढळते. अंतःक्षेपणाच्या बहुतेक गाड्यांत तिने काहीच वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असून थ्रॉटल पूर्ण बंद असेल, तर चाकेच इंजिन फिरवितात आणि नियंत्रक पेट्रोल तोडतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल द्यावेच लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद केल्याने थोडे पेट्रोल वाचते हे खरे. पण त्याची किंमत मोठी असते. इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो आणि सततच्या घर्षणाने तापलेला ब्रेक धरेनासा होतो. चावी बंद केली की हेडलाईट, हॉर्न आणि, गाडीत असल्यास, एबीएस ही तिन्ही साधने त्याच क्षणी जातात. धुक्याच्या पहाटे, वळणावर, समोरून अवजड वाहन येत असताना दिवा आणि हॉर्न नसणे म्हणजे काही रुपयांसाठी जीव पणास लावणे होय. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम सुरक्षिततेस जसा योग्य, तसाच अंतःक्षेपणाच्या गाडीत काटकसरीसही योग्य ठरतो.

उपाययोजना :
वरील विवेचनावरून पुढील गोष्टी संभवतात. पहिली, गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघावे. उभ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज शून्य असते, म्हणून पाच-पाच मिनिटे ती तापवीत ठेवू नये; थंड इंजिनास एकदम रेसही देऊ नये. दुसरी, इंजिन सुरळीत होताच चोक परत करावा. तिसरी, पिवळा दिवा कायम राहिल्यास संवेदकांची व त्यांच्या जोडण्यांची तपासणी पावसाळ्यानंतर लगेच करून घ्यावी. चौथी, ऑईल उत्पादकाने सांगितलेल्याच श्रेणीचे वापरावे आणि चाकातील हवा हिवाळ्याच्या आरंभी पुन्हा तपासावी. पाचवी, जवळची कामे एकाच फेरीत उरकावीत, म्हणजे शीत इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात.

समारोप :
कर्जत–खालापूरच्या दुचाकीस्वारास हिमकणाच्या दिव्याची गरज नाही. इंजिनाची थंडी ओळखण्याची आणि पिवळ्या दिव्याचा अर्थ जाणण्याची मात्र आहे. या परिसरातील महाविद्यालयांत विद्यार्थी आणि प्राध्यापक या दोहोंपैकी अनेक जण दुचाकीनेच येतात. एका टाकीभरणीपासून दुसऱ्या टाकीभरणीपर्यंतचे किलोमीटर व लिटर यांची नोंद, फेरीचे अंतर आणि पहाटेचे तापमान यांसह वर्षभर ठेवल्यास पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र व वाणिज्य या तिन्ही विभागांना उपयुक्त असा स्थानिक प्रकल्प उभा राहू शकेल. त्यातून अ‍ॅव्हरेजविषयीच्या ऐकीव समजुतींची जागा मोजमाप घेईल. शिवाय उतारावर इंजिन बंद करणे ही बचत नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांस स्वतःच्याच आकडेवारीतून पटेल. आणि ती घाट उतरण्यापूर्वी पटणे अगत्याचे आहे.