सीताफळाच्या बिया आणि डोक्यातल्या उवा

दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगराकडची सीताफळे बाजारात येतात. गर खाऊन झाला की बिया वाळवायच्या, कुटायच्या आणि खोबरेल तेलात कालवून लेकीच्या डोक्याला लावायच्या, म्हणजे उवा मरतात, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत ठाऊक आहे. मी काही वैद्य नव्हे, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण नुसत्या 'अनुभव आहे' एवढ्यावर आमचे शास्त्र समाधान मानत नाही. पुरावा काय, असे विचारते.

बरे, विचारून पाहू. इथे आजीबाईंचे म्हणणे खरे निघते. थायलंडमधल्या संशोधकांनी या बियांचा खोबरेल तेलातला अर्क उवांवर तपासला, तेव्हा उवा खरोखरच मेल्या. बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. पेशी अन्नातून शक्ती मिळवते, ते कामच ती बंद पाडतात.

मग अडचण कुठे? पेशी उवेची की माणसाची, हा भेद या द्रव्यांना फारसा कळत नाही. डोके धुताना पाणी ओघळते, मूल डोळे चोळते आणि भुकटी डोळ्यात जाते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर त्याने सोलला जातो. डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. अशा रुग्णांच्या नोंदी आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी छापलेल्या आहेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांची नजर सुधारते. पण पोरीच्या डोळ्याशी हा जुगार खेळायचा कशाला? औषध लागू पडते का, हे आपण विचारतो. ते निर्धोक आहे का, हा प्रश्न मात्र झाडपाल्याचे म्हटले की विसरतो.

चुकून भुकटी डोळ्यात गेलीच, तर तूप, दूध, मध काही घालू नका. स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि उवांचे काय? आपली जुनी बारीक दातांची फणी! केस ओले करून दर 3-4 दिवसांनी, निदान दोन आठवडे, घरातल्या सर्वांचेच विंचरा. लिखेतून 7 ते 10 दिवसांत पिलू बाहेर पडते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषधही बहुधा याच कारणाने दुसऱ्यांदा लावावे लागते.

गुरुजींना एक विनंती. उवा उडत नाहीत, उड्याही मारीत नाहीत. डोक्याला डोके लागले की सरकतात. स्वच्छ घरातल्या मुलीलाही होतात. तेव्हा वर्गात कुणाचे नाव घेऊ नका. सगळ्याच पालकांना एकाच रविवारी फणी काढायला सांगा.