विश्लेषण : अरब शेखांनी तेल टनामागे ३ रुपयांना का दिले? गोंदियाच्या तेंदूपत्ता करारांशी त्याचा काय संबंध?

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारात घर सोडायचे, ऊन चढण्याआधी पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. पण या मेहनतीचे किती पैसे हाती पडणार हे पान तोडण्याआधीच, कंत्राटदारासोबतच्या करारावर सही होते तेव्हा ठरलेले असते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभा आता हा करार स्वतः करतात.

माल गावाचा, पण भांडवल आणि बाजार बाहेरच्याच्या हातात, असे करार जगाला नवे नाहीत. सुमारे ९० वर्षांपूर्वी आखातातील अरब शासकांनी परदेशी कंपन्यांशी तेलाचे असेच करार केले. त्यातील काही करार चक्क भारतीय रुपयांत होते. त्यात कोणाला काय मिळाले, मालक कुठे कमी पडले आणि गोंदियातील ग्रामसभांना त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

तेलाचा मक्ता म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत ज्याला ‘कन्सेशन’ म्हणतात, तो सरळ मराठीत मक्ता. एका ठरलेल्या भूभागात तेल शोधणे, काढणे आणि विकणे याचा एकाधिकार शासक कंपनीला देतो. बदल्यात कंपनी तीन प्रकारे पैसे देते. सही होताच एक रक्कम, तेल सापडेपर्यंत दरवर्षी भाडे आणि तेल निघू लागल्यावर टनामागे रॉयल्टी. खर्च आणि जोखीम कंपनीची. किती विहिरी खोदायच्या, किती तेल काढायचे, कोणाला कोणत्या भावाने विकायचे, हे निर्णयही कंपनीचेच.

पहिले मोठे करार कोणते?

सौदी अरेबिया, २९ मे १९३३ : राजे अब्दुल अझीझ (इब्न सौद) यांच्या सरकारने अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया कंपनीला ६० वर्षांचा मक्ता दिला. क्षेत्र सुमारे ९ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. सुरुवातीला ३५ हजार सुवर्ण पौंड, त्यातही बहुतांश रक्कम कर्ज म्हणून. रॉयल्टी टनामागे ४ सुवर्ण शिलिंग. ऑगस्टमध्ये जेद्दा येथील एका डच बँकेच्या टेबलावर ही सोन्याची नाणी हाताने मोजून देण्यात आली.

कुवेत, २३ डिसेंबर १९३४ : शेख अहमद अल जाबर यांनी ब्रिटिश आणि अमेरिकी भागीदारीतील कुवेत ऑइल कंपनीला ७५ वर्षांचा मक्ता दिला. सहीनंतर ४ लाख ७५ हजार रुपये आणि तेल निघाल्यावर टनामागे ३ रुपये.

अबुधाबी, जानेवारी १९३९ : शेख शखबूत यांनीही ७५ वर्षांचा मक्ता दिला. त्याची मुदत संपली थेट जानेवारी २०१४ मध्ये.

करार रुपयांत का झाले?

कारण आखातात तेव्हा रुपयाच चालत होता. तिथल्या लहान संस्थानांचा कारभार ब्रिटिश भारत सरकारच्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होता. व्यापार मुंबईशी होता आणि आखातातील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत टिकली. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये, तर कतार आणि दुबईने १९६६ मध्ये रुपया सोडला.

या देखरेखीची दुसरी बाजूही होती. आमच्या संमतीशिवाय तेलाचा मक्ता कोणाला देणार नाही, असे ब्रिटिशांनी कुवेतकडून १९१३ मध्ये आणि बहरीनकडून १९१४ मध्ये लिहून घेतले होते. म्हणजे माल विकायचा होता, पण ग्राहक निवडायची पूर्ण मोकळीक नव्हती.

शेखांनी इतक्या स्वस्तात मक्ता का दिला?

पहिले कारण, खिसा रिकामा होता. जपानमधून कृत्रिमरीत्या वाढवलेले मोती बाजारात आले आणि त्यातच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. मोत्यांचा धंदा कोसळला. सौदीत मंदीमुळे हज यात्रेकरूंची संख्या घटली आणि राजाचे मुख्य उत्पन्न आटले.

दुसरे कारण, जमिनीखाली काय आहे हे मालकाला माहीत नव्हते. कंपन्यांनाही खात्री नव्हती, पण त्यांच्याकडे भूगर्भशास्त्रज्ञ होते. सौदीत दम्माम येथील पहिल्या सहा विहिरींनी निराशा केली. सातव्या विहिरीतून मार्च १९३८ मध्ये मोठ्या प्रमाणात तेल आले. त्यामुळे शेखांना अडाणी ठरवणे बरोबर नाही. तेल लागलेच नसते, तर आगाऊ रक्कम हाच त्यांचा फायदा ठरला असता.

मग ते नेमके फसले कुठे?

दर ठरावीक, भाव बदलता : एका टनात साधारण साडेसात पिंपे तेल बसते. म्हणजे कुवेतला पिंपामागे सुमारे ६ आणे, तेव्हाच्या विनिमय दराने १५ सेंटच्या आसपास. त्या काळी अमेरिकेत पिंपाचा भाव सुमारे १ डॉलर होता. १९४८ पर्यंत तो २ डॉलरच्या वर गेला, पण करारातले ३ रुपये ३ रुपयेच राहिले.

सोने की कागद : इथे इब्न सौद यांचा करार सरस होता. ब्रिटनने १९३१ मध्ये पौंडाचे सोन्याशी नाते तोडले होते. सौदी करारात रॉयल्टी सोन्याच्या शिलिंगात असल्याने चलन घसरले तरी तिची किंमत टिकली. कुवेतचे ३ रुपये म्हणजे साडेचार शिलिंग. आकडा सौदीपेक्षा मोठा, पण शिलिंग कागदी.

मोजणी : सौदी करारात रॉयल्टी निव्वळ तेलावर होती. पाणी, गाळ आणि कंपनीने स्वतःच्या कामासाठी वापरलेले तेल आधी वजा होई. त्यामुळे वजावट कोण मोजतो, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा होता.

मक्तेदाराची ऐपत : न्यूझीलंडचे फ्रँक होम्स यांनी १९२३ मध्ये लंडनच्या एका सिंडिकेटसाठी सौदीच्या अल हसा भागाचा मक्ता वर्षाला २,५०० पौंडांवर घेतला. दोन वर्षे पैसे दिले, नंतर थांबवले. सिंडिकेटकडे विहीर खोदण्याची ताकद नव्हती. मक्ता घ्यायचा आणि मोठ्या कंपनीला विकायचा, हाच तिचा धंदा होता.

सही कोणाची, पैसा कोणाचा : करारावर सही शेखांची आणि रक्कमही त्यांच्याच हाती. १९३८ मध्ये कुवेतमधील व्यापारी घराण्यांनी निवडलेल्या परिषदेने तेलाच्या पैशावर आपला ताबा मागितला. त्याच वर्षाच्या अखेरीस शेखांनी ती परिषद बरखास्त केली.

परिस्थिती बदलली कशी?

मालकांनी हिशेब मागायला सुरुवात केल्यावर. १९४९ मध्ये सौदीतील आरामको कंपनीने अमेरिकी सरकारला जितका कर भरला, त्यापेक्षा सौदीला दिलेली रक्कम कमी होती. हे आकडे समोर आल्यावर दबाव वाढला आणि ३० डिसेंबर १९५० रोजी नफ्यात निम्मा वाटा देणारा करार झाला. पुढच्याच वर्षी कुवेतनेही तो मिळवला. मात्र त्यासाठी मक्त्याची मुदत १७ वर्षांनी वाढवून २०२६ पर्यंत न्यावी लागली.

ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी मालक देशांना न विचारता तेलाचे भाव कमी केले. महिन्याभरात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला बगदादमध्ये एकत्र आले आणि ‘ओपेक’ स्थापन झाली. १९७५ मध्ये कुवेतने कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, १९८० पर्यंत सौदीने. २०२६ ची वाट कोणी पाहिली नाही.

आजचा करार कसा असतो, याचे उदाहरण भारताशीच संबंधित आहे. २०१८ मध्ये भारतीय सरकारी तेल कंपन्यांच्या गटाने अबुधाबीच्या लोअर झाकुम या एका तेलक्षेत्रात १० टक्के वाटा ६० कोटी डॉलरना ४० वर्षांसाठी घेतला. ६० टक्के वाटा अबुधाबीच्या राष्ट्रीय कंपनीकडेच आहे.

गोंदियात मालक कोण?

महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या वनोत्पादन व्यापार विनियमन कायद्याने राज्याच्या ताब्यात आला. वनविभाग घटक पाडून लिलाव करायचा आणि पाने तोडणाऱ्याला मजुरी मिळायची. २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे यासाठी मालकी हक्क मान्य झाला. कायद्याच्या व्याख्येत तेंदूपत्ता आणि बांबू नावानिशी आहेत. २०१२ च्या नियम दुरुस्तीने वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी वनविभागाच्या लिलावाबाहेर पडून स्वतः विक्री केली.

गोंदियासाठी एक मुद्दा वेगळा आहे. शेजारच्या गडचिरोलीचा बराच भाग पाचव्या अनुसूचीत येतो, त्यामुळे तिथे पेसा कायद्याचाही आधार आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. इथल्या ग्रामसभेचा सगळा भार वनहक्क कायद्यावर आणि हाती असलेल्या दाव्याच्या कागदावर आहे. हद्द, क्षेत्र किंवा कक्ष क्रमांक चुकला, तर सौदाच अडतो.

ग्रामसभांनी करारात काय पाहावे?

मोजणी आपली : विदर्भात ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७० हजार पाने. समजा ५०० गोण्यांचा सौदा ६,००० रुपये दराने झाला. दर १०० पुडक्यांमागे ५ पुडकी ‘खराब’ म्हणून बाजूला गेली, तर २५ गोण्या हिशेबातून निघतात. म्हणजे १ लाख ५० हजार रुपये. वजावट कोण ठरवणार आणि किती, हे करारात लिहिलेले हवे.

दर आणि हप्ते : बोललेल्या दरात मजुरी धरली आहे की ती वेगळी? झुडपांच्या छाटणीचा खर्च कोणाचा? माल उचलण्याआधी किती रक्कम जमा होणार? गोण्या गोदामातून गेल्यावर ग्रामसभेच्या हाती फक्त कागद उरतो.

कंत्राटदाराची ऐपत : सर्वात मोठा दर बोलणाराच पैसे देईल असे नाही. मागील हंगामाची थकबाकी, अनामत रक्कम आणि करार दुसऱ्याला परस्पर देण्यास मनाई, हे तीन मुद्दे तपासायला हवेत.

सही आणि खाते : ठराव ग्रामसभेचा, खाते ग्रामसभेचे आणि हिशेब सभेत वाचून दाखवलेला. एकट्या अध्यक्षाच्या किंवा सचिवाच्या सहीवर सौदा झाला, तर १९३८ मधला कुवेतचा प्रश्न गावातही उभा राहतो.

एकत्र विक्री : एकट्या गावाचा माल कमी, त्यामुळे बोली लावणारेही कमी. अनेक ग्रामसभांनी मिळून निविदा काढली, तर कंत्राटदाराला एका गावाला दुसऱ्याविरुद्ध खेळवता येत नाही. बगदादमध्ये पाच देशांनी नेमके हेच केले.

तुलना कुठे थांबते?

तेल एकदा काढले की संपते, तेंदूचे पान दरवर्षी फुटते. शेखांचे करार ६० ते ७५ वर्षांचे होते, ग्रामसभेचा करार एका हंगामाचा असतो. चूक झाली तर ती पुढच्या वर्षी सुधारता येते. मात्र विडीची मागणी घटली, तर दर पाडायला कंत्राटदाराला वेगळा कागद लागत नाही. शिवाय खरिपाच्या बियाण्याला पैसा हवा असतो त्याच दिवसांत पान विकायचे असते. मोत्यांचा धंदा बुडाल्यावर शेखांना होती, तशीच ही घाई.

म्हणूनच कराराच्या अटींवरची चर्चा मे महिन्यात फळीवर करून उपयोग नाही. ती त्याआधी, निविदा काढण्याच्या ग्रामसभेत व्हायला हवी. तेव्हा पान अजून झाडावर असते आणि नाही म्हणण्याची मुभा गावाकडे असते.