छप्पन फेऱ्यांची घोटाई

बडोद्याच्या दक्षिणेकडील मांजलपूर भागात घरगुती पातळीवर उभारलेल्या चार ड्रमांच्या दगड-घोटणी यंत्राचा विचार अकीकाच्या व्यवसायापासून वेगळा करता येत नाही, कारण त्यात फिरणारे दगड भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातले असतात आणि ज्या कारागिरीचा वारसा ते यंत्र पुढे चालवते ती खंभातमध्ये शतकानुशतके टिकून राहिलेली आहे. अकीक हा सिलिकाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा, महाराष्ट्रातील शेतांत सापडणाऱ्या गारगोटीच्या नात्यातला, काचेवर सहज ओरखडा काढणारा दगड होय. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत तो थराथराने साचत गेला आणि पुढे झिजून नर्मदेच्या खोऱ्यातील गोट्यांच्या थरांत जमा झाला. लोथल येथे 1955 पासून एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात मणी घडवण्याची कर्मशाळा उघडकीस आली, त्यामुळे या भागातील हे काम हडप्पा काळाइतके जुने असल्याबद्दल शंका उरत नाही.

मांजलपूरच्या यंत्राकडे लक्ष वेधले जाण्याचे कारण 1880 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या सहाव्या खंडात आहे. त्यात खंभातचे मणी घोटण्याची रीत नोंदवलेली आहे. सुमारे दोन फूट लांबीच्या कातडी पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि मणी विंधताना निघालेला बारीक भुगा भरून तिचे तोंड बांधले जाई, तिच्याभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळला जाई, आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेले दोन मजूर तो पट्टा आळीपाळीने ओढून पिशवी दहा ते पंधरा दिवस मागेपुढे लोळवीत, अधूनमधून तिला पाणी पाजीत. ही नोंद वाचल्यावर पिशवीतल्या मण्यांपेक्षा त्या दोन माणसांचे खांदे अधिक काळ मनात राहतात, आणि त्यांच्या जागी पाव हॉर्सपॉवरची मोटर आली तर कामाचे नेमके काय होते, हा प्रश्न अभ्यासाला योग्य वाटतो.

हे यंत्र मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील लेथवर उमेदीची वर्षे घालवलेल्या एका निवृत्त मराठी टर्नरने घराच्या मागच्या पडवीत उभे केले आहे. शेजारपाजारचे त्यांना काका म्हणतात. लोखंडी अँगलच्या चौकटीवर दोन समांतर शाफ्ट बेअरिंगांवर बसवलेले आहेत, त्यांपैकी एक मोटरने फिरतो व दुसरा केवळ आधार देत मोकळा फिरतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या खाचेत चार ड्रम आडवे ठेवलेले असतात. ड्रम पीव्हीसी पाइपाचे आहेत, बाहेरचा व्यास 160 मिलिमीटर, आणि आत ट्रकच्या जुन्या ट्यूबचे अस्तर चिकटवलेले, ज्यामुळे दगडांना वर चढण्यापुरती पकड मिळते आणि पाइपही झिजत नाही. लांब शाफ्ट ओझ्याने मध्यभागी वाकू नये म्हणून मधे आणखी एक बेअरिंग दिलेले आहे. शाफ्ट केसभर तिरपे असले तरी ड्रम हळूहळू एका टोकाला सरकत जातात, म्हणून त्या टोकाला नायलॉनचा अडसर लावलेला आहे.

खरी कसोटी वेगाची असते. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. तिच्यावरील दोन इंची पुली आणि शाफ्टवरील आठ इंची पुली यांच्यामुळे शाफ्टचा वेग 360 वर येतो, आणि रबरी नळी चढवून 25 मिलिमीटर जाडीचा झालेला तो शाफ्ट 160 मिलिमीटरच्या ड्रमला मिनिटाला छप्पन फेरे देतो. हा आकडा काकांच्या बोलण्यात वारंवार येतो, आणि त्यामागे गणित आहे. ज्या वेगाला ड्रममधील माल कडेला चिकटून ड्रमबरोबरच फिरू लागतो त्याला क्रांतिक वेग म्हणतात. मीटरमध्ये मोजलेल्या आतल्या व्यासाच्या वर्गमुळाने 42.3 या संख्येला भागले की तो मिळतो, आणि अस्तर धरून 14 सेंटिमीटर आतला व्यास असलेल्या या ड्रमसाठी तो 113 च्या आसपास येतो. छप्पन हा त्याचा निम्मा. यापेक्षा बराच कमी वेग ठेवला तर सगळा माल एका गठ्ठ्याने घसरत राहतो आणि झीज होत नाही. वाढवला तर दगड उंचावरून एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या कडांना चंद्रकोरीच्या आकाराचे टवके पडतात. काका मात्र गणिताआधी तळहात वापरतात. फिरत्या ड्रमवर हात ठेवून ते क्षणभर ऐकतात आणि काम शिकायला येणाऱ्या शेजारच्या मुलाला सांगतात, "खडखड नको रे, सरसर पाहिजे. छप्पनच ठेवायचे." या हिशेबाने एक ड्रम आठवड्यात साडेपाच लाखांहून अधिक फेरे घेतो.

ड्रम दोन-तृतीयांश भरायचा, पाणी वरच्या थराच्या किंचित खाली ठेवायचे आणि पूड घालायची, एवढीच भरणीची रीत आहे. ही पूड सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजेच कार्बोरंडमची असते. कृत्रिम हिऱ्याच्या शोधात असलेल्या एडवर्ड अ‍ॅचेसन यांच्या हाती हा पदार्थ 1891 मध्ये लागला आणि कुरुंदाहूनही कठीण असल्याने त्याने घोटाईच्या कामात कुरुंदाची जागा घेतली. 80 क्रमांकाची भरड पूड दगडाचे कोपरे मोडते, 220 क्रमांकाची ओरखडे कमी करते, 600 क्रमांकाची पृष्ठभाग मऊ करते आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड झिलई आणते. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा लागतो.

चार ड्रमांचे मर्म येथे आहे. अधिक ड्रम म्हणजे अधिक माल, असे वरवर वाटते आणि ते खोटेही नाही, कारण त्याच मोटरवर चारही ड्रम चालतात आणि विजेचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी की भरड पुडीचा एक कणही झिलईच्या ड्रममध्ये शिरला तर महिन्याची मेहनत वाया जाते; अस्तराच्या सांध्यात लपलेला असा कण कितीही धुतले तरी निघेलच याची खात्री नसते. म्हणून चारही ड्रमांवर ऑइलपेंटने क्रमांक घातलेले आहेत आणि कोणत्याही ड्रमचा टप्पा कधीही बदलला जात नाही. दर आठवड्याला दगड एक ड्रम पुढे सरकतात, त्यामुळे एकदा साखळी सुरू झाली की दर आठवड्याला एक घाणा तयार होऊन बाहेर पडतो.

दोन टप्प्यांमधील धुणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. झाकणाचा नट सैल केला की राखाडी, दाट राडा बाहेर येतो. त्याला ओल्या मातीचा आणि तापलेल्या रबराचा मिश्र वास असतो आणि तो पडवीत बराच वेळ रेंगाळतो. प्रत्येक दगड दात घासायच्या ब्रशने घासला जातो, भेगा असलेले दगड बाजूला काढले जातात. त्यानंतर काका एक दगड फडक्याने पुसून उन्हात धरतात आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत बोलत नाहीत. ओला अकीक पहिल्या आठवड्यातही झळाळतो, कारण पाण्याचा पातळ थर पृष्ठभागावरील खाचा भरून काढतो. कोरडा झाल्यावर तो मंद दिसला तर त्याला मागच्या ड्रमात परत जावे लागते. कोरड्या दगडाची ही परीक्षा शिकाऊ मुलाला सर्वांत अवघड जाते.

हे यंत्र खंभातच्या कारागिराची जागा घेऊ शकेल असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देत मण्याला आकार देण्याचे कौशल्य कोणत्याही ड्रममध्ये नाही; ड्रम फक्त गोलाई आणि झिलई देतो. परंतु खंभातच्याच कामाचा एक भाग असा आहे की तेथे ओल्या घोटाईची बाजू ठामपणे घ्यावी लागते. घासणीच्या कोरड्या चाकावर अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, हा आजार बरा होत नाही, आणि खंभातच्या घासणी कामगारांमधील त्याचे प्रमाण अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. बंद ड्रममध्ये तीच धूळ पाण्यात अडकून राहते. मण्याचे मोल ठरवताना घासणाऱ्याच्या श्वासाचा हिशेब धरला जात नसेल, तर तो व्यवहार अपुरा आहे.

धोका मात्र येथेही संपत नाही, कारण ड्रममधून निघालेला राडा वाळला की तो पुन्हा तीच धूळ होतो, आणि मोरीत ओतला तर नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो. म्हणून तो बादलीत निवळू दिला जातो, वरचे पाणी काढून टाकले जाते, आणि खालचा गाळ ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून ठेवला जातो. घराच्या आवारात काँक्रीटचे एखादे काम निघाले की तो त्यात कालवून टाकायचा, असे काकांनी ठरवलेले आहे.