युद्धकाळातील नभोवाणी : श्रमिकांची आणि सैनिकांची सोबत

दुसऱ्या महायुद्धात विमाने, रणगाडे आणि दारूगोळा यांना किती महत्त्व होते हे सर्वश्रुत आहे. ही साधने तयार करणाऱ्या कामगारांचे व ती वापरणाऱ्या सैनिकांचे मनोधैर्य टिकविणे, हेही युद्धप्रयत्नांचे तितकेच आवश्यक अंग होते. ब्रिटनमध्ये या कार्याचा मोठा भार बी.बी.सी. या नभोवाणी संस्थेने उचलला. श्रोत्यांच्या परिस्थितीचा अभ्यास करून कार्यक्रम कसे आखावेत, याचा वस्तुपाठच त्यातून मिळाला.

छावणीतील श्रोता

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटताच बी.बी.सी.ने आपले निरनिराळे कार्यक्रम बंद करून संपूर्ण देशासाठी एकच 'होम सर्व्हिस' सुरू केली. त्या वेळी फ्रान्समध्ये असलेल्या ब्रिटिश सैनिकांची गरज मात्र वेगळी होती. घरातील श्रोता शांतपणे बसून एखादे भाषण वा नाटक ऐकू शकतो. सैनिक समूहात, गप्पांच्या आणि ये-जा करणाऱ्यांच्या गलबल्यात रेडिओ ऐकत असे. हे लक्षात घेऊन जानेवारी १९४० मध्ये 'फोर्सेस प्रोग्रॅम' सुरू करण्यात आला. हलकेफुलके संगीत, विनोद, क्रीडावृत्ते असे त्याचे स्वरूप होते. सैनिकांसाठी योजिलेला हा कार्यक्रम घरोघरीही तितक्याच आवडीने ऐकला जाऊ लागला.

यंत्रांच्या सोबतीला संगीत

जून १९४० च्या आरंभी डंकर्कची माघार पूर्ण झाली आणि कारखान्यांवरील ताण एकदम वाढला. विमानांच्या कारखान्यांत आठवड्याचे सातही दिवस दहा-दहा, बारा-बारा तासांच्या पाळ्या होऊ लागल्या. प्रारंभी उत्पादन वाढले. परंतु थकवा साचू लागताच ते पुन्हा घसरू लागले. केवळ तास वाढवून काम वाढत नाही, हे या अनुभवाने स्पष्ट केले. दिनांक २३ जून १९४० रोजी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा अर्ध्या तासाचा संगीत कार्यक्रम सुरू झाला. तो सकाळी व दुपारी, कामाचा कंटाळा विशेष जाणवतो अशा वेळी, प्रसारित होत असे. पुढे १९४२ मध्ये रात्रपाळीसाठीही त्याची योजना झाली.

विनफर्ड रेनल्ड्स या संगीतज्ञाने कारखान्यांना भेटी देऊन या कार्यक्रमाचे नियम निश्चित केले. यंत्रांच्या आवाजातही चाल स्पष्ट कळावी, लय एकसारखी असावी, स्वर एकदम चढू वा उतरू नयेत, असे हे नियम होते. अतिसंथ चालींनी कामगार पेंगतात म्हणून त्या वगळल्या जात. ज्या गाण्यात टाळ्यांचा ठेका असे, तेही कटाक्षाने टाळले जाई. कारण टाळ्यांऐवजी कामगार हातातील हत्यारे बाकांवर आपटू लागत! येथे संगीताची निवड रसिकाच्या नव्हे, तर कामात गुंतलेल्या माणसाच्या सोयीने होत होती.

भोजनाच्या सुट्टीतील रंगमंच

३१ मे १९४१ रोजी 'वर्कर्स प्लेटाइम' हा दुसरा कार्यक्रम सुरू झाला. कामगार खात्याचे मंत्री अर्नेस्ट बेव्हिन हे स्वतः कामगार चळवळीतून पुढे आलेले होते. त्यांचा या उपक्रमाला भक्कम पाठिंबा होता. गायक, वादक व विनोदी नट प्रत्यक्ष कारखान्याच्या उपाहारगृहात जात आणि जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम सादर करीत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ठिकाणाचे नाव सांगितले जात नसे. 'ब्रिटनमधील एका कारखान्यातून' एवढाच उल्लेख होई. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने अविवाहित तरुण स्त्रियांनाही सक्तीची सेवा लागू झाली. घरापासून दूर, अनोळखी कामावर आलेल्या अनेकींना हा कार्यक्रम मोठा दिलासा देणारा ठरला.

भावगीतांचा वाद

सारेच निर्णय एकमताने झाले असे नाही. नोव्हेंबर १९४१ पासून व्हेरा लिन ही गायिका रेडिओवरून सैनिकांना जणू पत्रच लिहीत असे. विरहाची व पुनर्भेटीची गाणी गात असे. अशा हळव्या गीतांनी सैनिक दुबळा होईल, अशी टीका काही जबाबदार व्यक्तींनी केली. १९४२ मध्ये बी.बी.सी.ने अतिभावविवश गीतांवर निर्बंधही घातले. सैनिकांची पसंती मात्र ढळली नाही. १९४४ मध्ये ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, तेव्हा तेथील जवानांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले. घराची आठवण जागविणे म्हणजे धैर्य खचविणे नव्हे, हे यावरून दिसून आले.

आपल्यासाठी बोध

युद्ध संपल्यावरही कारखान्यांसाठीचे हे दोन्ही कार्यक्रम १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत चालू राहिले. भारतातही १९५७ मध्ये सुरू झालेल्या 'विविध भारती'वरील 'जयमाला' हा जवानांसाठीचा कार्यक्रम आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'कामगार सभा' यांनी असेच नाते जोडले.

लोकांपर्यंत काही पोहोचवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या इतिहासातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. गावातील ध्वनिवर्धक असो, शाळेतील रेडिओ असो वा एखादी शासकीय योजना, ऐकणारा त्या घटकेला कोठे आहे, कोणत्या कामात आहे आणि किती थकलेला आहे, हे आधी जाणून घेतले पाहिजे. त्याच्या श्रमांची कदर करून केलेले सांगणेच त्याच्या मनापर्यंत पोहोचते.