कॅपमधला धातू कोणता, ते विचारा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात मोऱ्याला लागते. पनवेलशेजारच्या उरण तालुक्यातलं हे बंदर. खारं पाणी धातूचं काय करतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांच्यात बारीक वीजप्रवाह वाहू लागतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. म्हणून बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवतात. आधी जस्त झिजतं आणि पंखा वाचतो.

तोंडात हेच घडतं, फक्त संथपणे. लाळेत क्षार असतात, त्यात चिंच, कोकम, लिंबू आणि बाटलीतली थंड पेयं यांच्या आम्लाची भर पडते. दातावर बसवायच्या कॅपसाठी अशा जागी दहा-पंधरा वर्षं टिकेल असा धातू हवा. पूर्वी त्याचं उत्तर सोनं हे होतं. १९७१ साली अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली बांधणी सोडली, सोन्याचे भाव सुटले आणि जगभरच्या डेंटल लॅब निकेल-क्रोमियम व कोबाल्ट-क्रोमियमकडे वळल्या. कोबाल्ट-क्रोमियम दंतवैद्यकाला नवखं नव्हतं. काढता-घालता येणाऱ्या कवळीच्या सांगाड्यांसाठी ते १९३०च्या दशकापासूनच वापरात होतं. आज आपल्याकडे ‘मेटल कॅप’ किंवा ‘मेटल-सिरॅमिक’ म्हणून जे बसवलं जातं, त्यात बहुतेकदा हेच मिश्रधातू असतात.

ते स्वस्त आहेत म्हणून कमअस्सल, हा समज मला चुकीचा वाटतो. त्यांची खरी ताकद क्रोमियममध्ये आहे. हवा लागताच पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर धरतो. हा थर इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसतही नाही, पण खालच्या धातूला तो गंजू देत नाही आणि ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो. मिश्रधातूत क्रोमियम १६ ते २० टक्क्यांच्या खाली गेलं की हे कवच कमकुवत पडतं. सोबतचं मॉलिब्डेनम बारीक खड्डे पडू देत नाही. ताठपणात हे धातू सोन्याच्या मिश्रधातूंच्या जवळजवळ दुप्पट असल्याने तीन-चार दातांचा लांब ब्रिज चावताना वाकत नाही आणि वरचं सिरॅमिक तडकत नाही. वजनही सोन्याच्या निम्म्याच्या आसपास.

अवघड आहे ते ओतकाम. हे धातू वितळायला १२०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि थंड होताना ते २.३ टक्क्यांच्या आसपास आकसतात. सोन्याचे मिश्रधातू दीड टक्क्याच्या आसपास. साच्याचं प्रसरण हा फरक भरून काढू शकलं नाही तर कॅपची कड दाताला नीट बसत नाही. त्या फटीत अन्न अडकतं, दात आतून किडतो आणि दोष मात्र धातूवर येतो. सिरॅमिक धातूला धरून राहतं तेही ऑक्साइडच्याच आधाराने. पण भट्टीत तो थर जाड झाला तर सिरॅमिकचा टवका उडतो. म्हणजे चांगली कॅप ही निम्मी लॅबमधल्या तंत्रज्ञाच्या हाताची असते.

त्या तंत्रज्ञाच्या फुप्फुसांचाही विचार व्हायला हवा. काही निकेल-क्रोमियममध्ये ओतकाम सोपं व्हावं म्हणून दोन टक्क्यांपर्यंत बेरिलियम घालत. रुग्णाच्या तोंडात त्याचा धोका कमी, पण घासताना उडणारी धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बेरिलियम ०.०२ टक्क्यांहून अधिक चालत नाही. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी लॅबने तो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रुग्णासाठी मुख्य प्रश्न निकेलचा. बेन्टेक्सच्या कानातल्यांनी कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणाखाली खाज सुटते, अशांना बहुतेकदा निकेलची अ‍ॅलर्जी असते. कान टोचण्यामुळे बायकांमध्ये ती जास्त आढळते. अशा माणसाला निकेलची कॅप बसवली तर हिरडी लाल होणं, तोंडात जळजळ होणं असा त्रास संभवतो. त्यांच्यासाठी कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम किंवा धातूविरहित झिरकोनिया हे पर्याय आहेत. कोबाल्टही पूर्ण निर्धोक मानलं जात नाही: युरोपात ऑक्टोबर २०२१पासून त्याची नोंद कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत झाली. ते वेष्टनावर लिहावं लागतं, पण तोंडातल्या कॅपवर बंदी आलेली नाही.

मोऱ्याच्या माणसाला उपचारासाठी लाँचने मुंबईत उतरून सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय गाठता येतं; खारघर, कामोठे, बेलापूर, नेरूळ इथेही दंत महाविद्यालयं आहेत. जाल तिथे माप देण्याआधी डॉक्टरांना दागिन्यांच्या खाजेविषयी सांगा. तोंडात आधी कुठला धातू आहे तेही सांगा, कारण दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की झीज वाढते. आणि कॅप बसली की मिश्रधातूचं नाव व त्यातल्या निकेलचं प्रमाण बिलावर लिहून घ्या. लॅबकडे येणाऱ्या धातूच्या पाकिटावर ते छापलेलं असतं.