जिग वाजवणारी मेटल गिटार

१९९२ साली डब्लिनमधल्या काही पोरांनी एक बँड काढला. त्यांचा म्होरक्या कीथ फे याआधी 'मिनास तिरिथ' नावाच्या मेटल बँडमध्ये वाजवायचा. हे नाव टॉल्किनच्या कादंबरीतल्या नगरीचं. नव्या बँडसाठी मात्र त्यानं घरचंच नाव निवडलं: क्रूअखन. रॉसकॉमन परगण्यातलं हे कॉनाख्टच्या राजांचं प्राचीन ठाणं. 'टॉइन' या जुन्या वीरकथेतली राणी मेव तपकिरी बैल पळवून आणायला फौज घेऊन निघते, ती इथूनच. १९९५ मध्ये 'तूअहा ना गेल' हा त्यांचा पहिला अल्बम आला आणि आयरिश लोकधून आणि हेवी मेटल यांची मोट बांधणाऱ्या पहिल्या काही बँडमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

पत्र्याच्या पाव्याची धून आणि कानठळ्या बसवणारी गिटार यांचं जमतं कसं? माझ्या मते ते जमवावं लागतच नाही, कारण दोन्हींचा सांगाडा सारखाच आहे.

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांचा पावा. सगळी भोकं झाकून फुंकलं की नेहमीच्या पाव्यातून 'डी' हा सूर निघतो. कोपराखालच्या भात्यानं वाजणाऱ्या इलन पाइप्सचा आधारसूरही बहुधा तोच. तिकडे मेटलवाले गिटारची सगळ्यात जाड तार 'ई'वरून उतरवून 'डी'वर आणतात, म्हणजे एकाच बोटानं तीन तारा दाबून दणदणीत कॉर्ड वाजवता येतो. दोघांचा षड्ज असा एकाच जागी येतो.

त्या कॉर्डमध्ये असतात फक्त सा आणि प. गंधार मुद्दाम गाळलेला असतो. विद्रूप केलेल्या गिटारच्या आवाजात सूर एकमेकांत मिसळून नवे सूर तयार होतात; सा आणि प असले तर नाद भरदार होतो, पण गंधार घुसला की गढूळपणा येतो. आयरिश धुनांना ही रिकामी जागा हवीच असते. त्यांतल्या कित्येक आपल्या काफी थाटाच्या जवळ जातात, कित्येक खमाजच्या. खाली गिटार गंधाराबद्दल गप्प असल्यामुळे तो कोमल घ्यायचा की शुद्ध, हे धूनच ठरवते. तानपुऱ्यावर राग उभा राहतो तसंच हे.

लयही सोयीची पडते. जिग ही आयरिश नाचाची धून सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन गटांत धावणारी. आठ बारांचा पहिला भाग दोनदा, मग तेवढाच दुसरा भाग दोनदा. पबमधल्या मैफलीत सगळे मिळून एकच धून वाजवतात, हरकती मात्र ज्याच्या त्याच्या. त्यात एक गिटार येऊन बसली तर परंपरेला धक्का लागत नाही. माझी कसोटी इथेच आहे. गिटारनं धून स्वतः उचलली की गाणं उभं राहतं. नेहमीचंच मेटल वाजवून वर पाव्याची फोडणी दिली की तिसऱ्या गाण्याला कंटाळा येतो.

ही वाट आधी चोखाळली ती डब्लिनच्याच हॉर्सलिप्स या रॉक बँडनं. 'द टॉइन' हा त्यांचा १९७३चा अल्बम, कथा तीच, मेव राणीची. त्यातल्या 'जॅरग डूम'ची गाजलेली रिफ म्हणजे ओनीलचं जुनं कूचगीत, इलेक्ट्रिक गिटारवर. १९९० मध्ये आयर्लंड पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकात उतरला, तेव्हा संघासाठी केलेल्या गाण्यात हीच रिफ वापरली गेली. म्हणजे क्रूअखनची पोरं एकत्र आली तेव्हा ते कूचगीत घराघरांत पोचलेलं होतं. थिन लिझीनं १९७२ मध्ये 'व्हिस्की इन द जार' हे लोकगीत रॉकमध्ये आणलं. तेच १९९८ मध्ये मेटॅलिकानं वाजवलं आणि त्यावर २००० साली ग्रॅमी मिळवलं.

खरी अडचण येते आवाजाच्या तोलाची. पाव्याचं वरचं सप्तक गिटारच्या गदारोळातूनही वर निघतं; मँडोलिन आणि बाउरान हा हातातला चामड्याचा ढोल मात्र दुहेरी बास ड्रमखाली गडप होतात. इलन पाइप्स तर मुळात घरात बसून वाजवायचं वाद्य. 'तूअहा ना गेल'चं रेकॉर्डिंग ओबडधोबड आहे आणि ही ओढाताण त्यात स्पष्ट ऐकू येते. तरी मला तो अल्बम आवडतो, कारण विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांनी त्यात धुनेला पाहुणी म्हणून वागवलेलं नाही. २००२च्या 'फोकलोर'मध्ये पोग्जचा शेन मॅकगोवन त्यांच्यासोबत गायला. लोकसंगीताला पंकची धार देणारा तो माणूस. त्याला या पोरांत आपलं काहीतरी दिसलं असणार.