तपकिरी रंगाची साक्ष

गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या एका बाईंच्या रिपोर्टवर शेवटी दोनच शब्द होते: ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’. गाठ साधी की कर्करोगाची, हे त्यातून कळत नव्हतं आणि डॉक्टरांनी तर अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायला सांगितली होती. ‘मंग सुई टोचून तपासलं कायले?’ बाई विचारत होत्या. तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून नागपूरच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत गेलो.

‘शंभर गाठींत कर्करोगाच्या पाच ते पंधरा,’ तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी हेच सांगितलं. बहुतेक गाठींचा निकाल सुईने काढलेल्या पेशी पाहून लागतो. अडतं ते फॉलिक्युलर गाठीपाशी. पेशींनी गाठीभोवतीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली असेल तरच तिथे कर्करोग म्हणतात, आणि सुईत तर सुट्या पेशीच येतात. बादलीभर पाणी शेंदून विहिरीच्या कठड्याला तडा गेलाय का, हे कसं सांगणार?

म्हणून प्रथिनांची साक्ष काढतात. गॅलेक्टिन-३ आणि सायटोकेराटिन-१९ ही प्रथिनं थायरॉइडच्या कर्करोगी पेशींत बरेचदा भरपूर असतात, निरोगी पेशींत नसतात किंवा जेमतेम असतात. एचबीएमई-१ हे प्रतिपिंडही असंच कर्करोगी पेशींना जास्त चिकटतं.

गाठीचा नमुना मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढून काचेवर घेतात आणि झायलिनमध्ये बुडवून मेण उतरवतात. त्याचा उग्र वास घरी परतल्यावरही नाकातून गेला नव्हता. मग काचा सायट्रेटच्या द्रावणासह चक्क प्रेशर कुकरमध्ये जातात, कारण फॉर्मॅलिनने जखडलेली प्रथिनं उष्णतेने मोकळी होतात. नंतर हव्या त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचा थेंब, धुणं, पुन्हा थेंब, पुन्हा धुणं.

माझी नजर मात्र तंत्रज्ञ ताईंच्या हातांवर होती. एक काच निथळली की लगेच पुढचा थेंब. ‘काच कोरडी पडली की खोटा रंग चढतो,’ त्या मान वर न करता म्हणाल्या. शेवटचं रसायन पडलं आणि काही मिनिटांत एका काचेवर, प्रतिपिंड चिकटलं होतं तिथे, तपकिरी ठिपके उमटले. ती रुग्णाची नव्हती. खात्रीच्या ऊतीची, कंट्रोलची काच होती. ताई आधी तीच पाहतात. ती रंगली नाही तर रुग्णाच्या काचेवर विश्वास ठेवायचा नाही, सगळं पुन्हा करायचं. एवढ्या निष्ठेने केलेलं काम रिपोर्टात एका ओळीत मावतं.

या रंगावर आंधळा भरवसा मात्र नको. हाशिमोटो या थायरॉइडच्या दाहातही गॅलेक्टिन-३ दिसू शकतं, आणि साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तर त्याने हमखास रंगतात. २००८ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त अशाच अनिश्चित ४६५ गाठींचा इटलीतला अभ्यास आला. गॅलेक्टिन-३ने ७८ टक्के कर्करोग ओळखले, साध्या गाठींपैकी ९३ टक्के साध्याच ठरवल्या. म्हणजे शंभर कर्करोगांतले बावीस निसटले. तपकिरी रंग साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. निकाल द्यायचा तो सोनोग्राफी, पेशी आणि रुग्ण समोर ठेवूनच.

तरीही ही साक्ष गडचिरोलीला जास्त हवी, असं माझं ठाम मत झालं. पूर्ण ग्रंथी गेली की जन्मभर रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी. अर्धी गेली तरी अनेकांना ती लागतेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे रोजची गोळी ही साधी गोष्ट नाही. शंभरातल्या पाच-पंधरांसाठी उरलेल्यांपैकी कुणाची ग्रंथी विनाकारण जात असेल, तर ती वाचवणं हाही उपचारच आहे.

ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हायला हवी. पण ती होईपर्यंत एक मार्ग आपल्या हातात आहे. सुईने काढलेल्या पेशींचाही मेणाचा ब्लॉक करता येतो. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि माणसाला न हलवता नागपूर-मुंबईला पाठवता येतो. तुमच्या किंवा शेजारच्या कुणाच्या गळ्याला गाठ असेल, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा: ब्लॉक करणार का? ऑपरेशन झालं असेल तर रिपोर्टसोबत काचा आणि ब्लॉकही मागून घ्या, जपून ठेवा. दुसरं मत घ्यायला तेवढं पुरतं.